कोतवालाच्या वहीतली मुलगी

आमच्या घरात पत्र वाचायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी कधीच सरळपणे केलं नाही.

वडील विलायतेत होते. आईला आणि तिच्या सासूला, म्हणजे माझ्या आजीला, अक्षरओळख नव्हती. काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर पाळीला जात आणि पोस्टमन नेमका ते घरी नसताना यायचा. मग वाचता येणारी मी एकटी, वय वर्षं अकरा. ते निळं, कडेनं चिकटवलेलं पत्र मी कात्रीनं उघडायची आणि मोठ्यानं वाचायच्या आधी एकदा मनात वाचून घ्यायची. आजी लगेच टोकायची, "तोंडातल्या तोंडात काय वाचून राहिली? आमाले बी आयकू दे." मी म्हणायची, "अक्षर लागून नाई राहिलं." अक्षर चांगलं लागायचं. पण काय लिहिलंय ते आधी आपण बघावं आणि मग दुसऱ्याच्या हाती द्यावं, ही माझी खोड तेव्हापासूनची आहे. ती मी आजीकडून उचलली, हे कबूल करायला मला पन्नास वर्षं लागली.

आजीचा संशय साध्या दर्जाचा नव्हता. वडिलांनी तिकडून पहिला फोटो पाठवला. अंगात लांब लोकरी कोट, मागे विटांची भिंत, चेहरा थंडीनं आक्रसलेला. आई फोटो पदरानं पुसत बसली. आजीनं तो हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "याच्यात तं एकटाच हाये. मंग फोटो काढला कोनं?" पुढचे तीन दिवस घरात फोटो काढणाऱ्या त्या न दिसणाऱ्या माणसाचीच चर्चा होती, आणि तिसऱ्या दिवशी त्या माणसाची बाई झाली.

वडील भिलाईत आले तेव्हा कारखान्याचे पाये खणले जात होते. घर भंडाऱ्याकडचं, धानाची थोडीशी शेती, दोन भाऊ. घमेलं उचलायला आलेला माणूस चार वर्षांत वेल्डर झाला. शिकवणारा रशियन होता; त्याची भाषा यांना येत नव्हती आणि यांची त्याला. तो नुसता खांद्याला धरून यांना जवळ बसवायचा आणि हात कसा धरायचा ते दाखवायचा. त्यांच्याच टोळीत एक पंजाबी वेल्डर होता. त्याचा भाऊ विलायतेत ओतकामाच्या कारखान्यात. भावानं त्याला बोलावून घेतलं आणि त्यानं तिथल्या मालकाच्या कानावर वडिलांचं नाव घातलं. मी आठ वर्षांची असताना वडील गेले. आम्ही तिघी काकांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहिलो. काकांचं लग्न व्हायचं होतं आणि आमच्यामुळे ते लांबत होतं, असं मला वाटायचं. त्यांनी तसं कधी दाखवलं नाही, पण मी त्यांच्याकडेही बारीक लक्ष ठेवून असायची.

तीन वर्षांनी ते पत्र आलं. वडिलांनी लिहिलं होतं की इथं कामाला असलेल्या माणसाला आपली बायको, सोळाच्या आतली मुलं आणि म्हातारे आईबाप बोलावता येतात. तिघींचं राहणं, खाणं, दुखणं-खुपणं माझ्यावर, सरकारवर भार पडणार नाही, असं मी साहेबासमोर लिहून दिलंय. आता तिकडून कागद करा. लग्नाचा दाखला, पोरीच्या जन्माचा दाखला, तिघींचे फोटो.

आई चुलीजवळ नुसतीच बसून राहिली. तिला रडायचं होतं, पण आजीसमोर नवऱ्यासाठी रडायची तिची सवय नव्हती. आजी म्हणाली, "मले कावून बोलावते? भाकरी थापाले?" पण दुसऱ्याच दिवशी तिनं काकांना विचारलं की बोटीत तंबाखू चालते का. मी तर शाळेत सांगून मोकळी झाले की मी जाणार आहे. मैत्रिणी म्हणाल्या, झूठ. त्यांचंही बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

सिव्हिक सेंटरला जाऊन आम्ही फोटो काढले. लग्नाचं गावच्या सरपंचाकडून लिहून मिळालं. राहिला माझ्या जन्माचा दाखला. काका दोन दिवसांची सुट्टी घेऊन आईच्या माहेरी गेले, कारण मी तिथं जन्मले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. वैनगंगेच्या काठचं ते गाव. तिथं जन्म-मरणाची खबर कोतवाल ठेवायचा. त्याला लिहिता येत नसे. आठवड्यातून एकदा तो ठाण्यात जायचा, कोणाच्या घरी काय झालं ते तोंडानं सांगायचा आणि मुन्शी वहीत उतरवून घ्यायचा. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव लिहायची पद्धतच नव्हती. नाव ठेवायच्या आधीच नोंद झालेली असायची.

काका परत आले ते चपला न काढताच ओट्यावर बसले. वहीतल्या नोंदीची नक्कल त्यांच्या खिशात होती. त्यात मुलगी होती, महिना बरोबर होता, घर बरोबर होतं. बापाचं नाव मात्र आईच्या वडिलांचं, म्हणजे गावच्या पाटलांचं होतं.

"कोतवालानं सांगितलं असन, पाटलाच्या घरी पोट्टी झाली," काका म्हणाले. "मुन्शीनं पाटलालेच बाप करून टाकला. असे किती घोळ असते तथी. लेकी माहेरी येते, बाळंत होते, अन् सारे लेकरं माहेरच्या बुढ्याच्या नावानं."

आईला हसू आलं. मलाही आलं. कागदावर मी आईची बहीण झाले होते आणि आजोबांची मुलगी. आजोबा तर दोन वर्षांपूर्वीच वारले होते. आम्ही हसत असताना आजी सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबवून ती म्हणाली, "त्या घरी त्या महिन्यात दोन पोट्ट्या झाल्या होत्या ना? मंग वहीत एकच कावून?"

आई उठून आत गेली. काका म्हणाले, पाचवी पुजायच्या आत गेलेलं लेकरू कोण लिहिते. आजी म्हणाली, "तेच म्हणून राहिली म्या. गेलं ते कोणाचं, अन् लिहिलं ते कोणाचं?"

दोन पोट्ट्या. मी हे पहिल्यांदाच ऐकत होते.

काकांनी आमच्या शेजारच्या सेक्टरमधल्या एका कारकुनाकडून चुकीबद्दलचा खुलासा लिहून घेतला आणि नकलेसोबत वडिलांकडे पाठवून दिला. त्यांना वाटलं, एवढ्यानं भागेल. इथं भागलंही असतं. आपल्याकडे कोणत्या साहेबाला माहीत नाही की मुली बाळंतपणाला माहेरी जातात? पण विलायतेच्या साहेबाला ते कसं माहीत असणार? त्याच्या हिशेबी जी मुलगी ज्याच्या घरात जन्मली, तिचा बाप तोच. आमच्यासारखी अनेक माणसं भावाची मुलं, मेव्हण्याची मुलं आपली म्हणून दाखवतात, हेही त्याच्या कानावर असणारच. त्यानं संशय घेतला म्हणून मी त्याला आजही दोष देत नाही. त्याच्या खुर्चीत मी असते तर मी आणखी दोन प्रश्न विचारले असते.

चार महिन्यांनी वडिलांचं पत्र आलं. मी नेहमीप्रमाणे आधी मनात वाचलं. कचेरीनं आईचा आणि आजीचा कागद ठेवून घेतला होता, माझा परत केला होता. ज्या घरात जन्म झाला त्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं शपथेवर लिहून द्यावं की ही मुलगी कोणाची, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याखाली वडिलांनी लिहिलं होतं: हे जमलं तर उत्तम. नाही जमलं तर तुम्ही दोघी आधी निघा. पोरगी सध्या भावाजवळ राहू दे, मागाहून पाहू.

"वाच ना वं," आजी म्हणाली.

मी वाचलं. थंडीचं वाचलं, पगाराचं वाचलं, कचेरीचं वाचलं, शपथेचं वाचलं. शेवटच्या ओळी गिळल्या आणि खाली "सर्वांस आशीर्वाद" म्हणून पत्र मिटलं.

आजीनं पत्र माझ्या हातातून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं बोट ठेवून ओळी मोजल्या. "खाली अजून तीन वळी हायेत. तू वाचून राहिली होती तवा तुहे डोळे अथी थांबले होते. काय हाये अथी?"

"काई नाई."

"काई नाई तं लिहिलं कावून?"

संध्याकाळी काकांची पाळी सुटली. काळ्या चेहऱ्यानंच त्यांनी ते पत्र दिव्याखाली धरलं आणि शेवटच्या तीन ओळी वाचल्या. मोठ्यानं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की मी त्या का गिळल्या होत्या. ते म्हणाले, "मी हाये ना इथी. तू कावून भेते?" मी म्हटलं, मी भीत नाही. खरं तर मला वडिलांचा इतका राग आला होता की त्यांचा तो कोटातला फोटो मी कपाटात उलटा करून ठेवला. मागाहून पाहू! मागाहून बघतात म्हणजे काय, हे मला आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतल्या चार घरांवरून माहीत होतं; तिथं मागे राहिलेली माणसं अजून तिथंच होती.

त्या दिवसापासून मी आईवर नजर ठेवली. ती काय बोलते यावर नाही, ती काय करते यावर. तिनं भिलाईतल्याच पावर हाउस भागातल्या बाजारातून दोन लुगडी आणली. माझ्यासाठी काही आणलं नाही. तिनं शेजारणीकडून लोकरीचं विणकाम शिकायला घेतलं. विणत होती तो स्वेटर मोठ्या मापाचा होता. मी शाळेतून आले की ती पूर्वीसारखीच ताट वाढायची, पण मला त्यातही निरोप दिसायला लागला. ती दोघींतली एक होणार, आणि मी इथं राहणार. आणि राहणार त्याचं कारण एवढंच की कोणाला नक्की सांगता येत नव्हतं, मी कोणाची.

एका दुपारी आजी बाहेर गेलेली पाहून मी विचारलं. आई सुपात तांदूळ निवडत होती.

"आई, मी कोणाची हाये? तुही का मायची?"

माय म्हणजे आईची आई. आई तिला माय म्हणायची म्हणून मीही म्हणायची. आईनं मान वर केली नाही. "हे तुले कोनं सांगितलं?"

"कोनं नाई. मीच समजली."

तिनं दोन-चार खडे बाजूला काढले. मग म्हणाली, "माय अन् म्या एकाच वक्ती बाळंत झालो. तवा असं होत जाय. लाज वाटे, पण होत जाय. चार दिवसांचा फरक होता. मायले दूध नव्हतं. दोघी बी माह्याच अंगावर पेत. एकाच सुपात निजवत दोघींले. मंग मले ताप आला. किती दिवस होता, मले नाई समजलं. शुद्धीवर आली तं सुपात एकच होती. माय म्हणे, माही गेली. हे तुही, घे."

"अन् तू इचारलं नाई?"

"काय इचारू?"

"का हे खरंच माहीच हाये का म्हणून."

"तू छातीले लागली होती माह्या," आई म्हणाली. "तवा काय इचारते माणूस?"

"म्हंजे तुले बी माहीत नाई?"

"मले तांदूळ निवडू दे."

मी तिथून उठले नाही. माझं डोकं भलतीकडे चालायला लागलं होतं. आई तेव्हा पहिलटकरीण होती. तिकडे सासरी आजी बसली होती. आजी कशी आहे, हे मायला सोयरीक जुळवतानाच कळलं असणार. लेक पहिल्या बाळंतपणाहून रिकाम्या हातानं सासरी गेली असती, तर तिला काय काय ऐकावं लागलं असतं, हे मला अकराव्या वर्षी कळत होतं, तर मायला कळलं नसेल? मायला आधीचे चार मुलगे होते. तिच्याकडे द्यायला होतं. असा विचार मनात आला आणि मी घाबरून तो झटकला, पण तो गेला नाही.

शपथेसाठी काका गावी जाऊन मायला घेऊन आले. ती पावर हाउस स्टेशनवर उतरली तेव्हा तिच्या डोक्यावर लाखोळीच्या डाळीचं गाठोडं होतं. तिला सगळीकडे धूर आणि लाल उजेड दिसत होता. एवढी मोठी आग लावून हे लोक आत कसे जातात, असं तिनं काकांना चारदा विचारलं. मला तिनं लांबूनच विचारलं, "खाल्लं का?" ती पहिल्यापासूनच अशी. मामांच्या मुलींना मांडीवर घ्यायची, त्यांच्या वेण्या घालायची. मी गावी गेले की माझ्या ताटात दोनदा तूप वाढायची आणि जवळ घ्यायची नाही. मी तिला आवडत नाही, असंच मी धरून चालले होते. आता तिच्या मुक्कामाच्या आठ दिवसांत मी तिच्या नाकाकडे पाहायची, पायाच्या बोटांकडे पाहायची, मग आरशात पाहायची. काही उपयोग नव्हता. आई तिच्यासारखी दिसायची, मी दोघींसारखी. आईची बहीण असते तरी अशीच दिसले असते.

आजी आणि माय, दोन्ही विहिणी ओट्यावर बसून एकमेकींशी इतक्या गोड बोलायच्या की ऐकणाऱ्याला शहारे यावेत. "घ्या ना चहा." "तुमी घ्या आधी." आजीनं एकदाही मायला तो प्रश्न विचारला नाही. नक्कल आल्या दिवसापासून घरात टोचून टोचून विचारलेला प्रश्न, आणि उत्तर जिच्याजवळ होतं ती समोर बसलेली. तेव्हा मला वाटलं, आजी घाबरली. आता वाटतं, तिला मुलाकडे जायचं होतं आणि उत्तर नको होतं.

ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे बसनं दुर्गला गेलो. जिल्हा कचेरीच्या आवारात झाडाखाली अर्जनवीस बसायचे, पुढ्यात टाइपरायटर आणि शाईचा डबा. काकांनी गाठलेला अर्जनवीस तिथलाच, पिढ्यान्पिढ्यांचा दुर्गचा मराठी माणूस. काळी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आम्हा पाचही जणांकडे एकेक करून पाहिलं. मला तो माणूस लगेच आवडला, कारण त्याला आमच्यातलं कोणीच खरं वाटत नव्हतं.

त्यानं टाइप केलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. मी अमुक, विधवा, वय अंदाजे पन्नास, शपथेवर लिहून देते की सदर मुलगी ही माझ्या मुलीच्या पोटी, माझ्या राहत्या घरी जन्मली; कोतवालाच्या वहीत पित्याच्या जागी माझ्या पतीचे नाव चुकीने नोंदले गेले. "चुकीने" हा शब्द आला तेव्हा मायनं पदर सारखा केला. मी बघतच होते. मला असं वाटून गेलं की कोतवाल चार अक्षरं शिकलेला नसेल, पण त्याला कोणाच्या घरात कोणाला काय झालं ते पक्कं माहीत असायचं. ते माहीत असणं हीच त्याची नोकरी होती.

मायनं डाव्या अंगठ्याला शाई लावून घेतली आणि दाखवलं तिथं ठसा उमटवला.

अर्जनविसानं कागद फुंकला, पण हातातून सोडला नाही. "कागद झाला, बाई," तो म्हणाला. "आता माझं एक ऐका. मी आत साहेबांसमोर कागद नेतो तो माझ्या भरवशावर. फार लोक खोटं लिहवून नेतात, आणि मग नाव माझं जातं. तेव्हा पोरीच्या डोक्यावर हात ठेवा आणि एकदा तोंडानं म्हणा, ही माझ्या लेकीची लेक. बस. मग मी डोळे मिटून नेतो."

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललं तर ते लेकरू जगत नाही. हे कोणी शिकवावं लागत नाही. आमच्याकडे कोर्टातल्या शपथेला लोक भीत नाहीत, या शपथेला भितात. काकांनी मला पुढे केलं. मायचा उजवा हात उठला. माझ्या भांगापर्यंत आला. मला तिच्या तळहाताची ऊब जाणवली, इतका जवळ. आणि तिनं तो मागे घेतला.

"हाताले शाई हाये," ती म्हणाली.

शाई डाव्या अंगठ्याला होती. हे मी पाहिलं होतं, अर्जनविसानंही पाहिलं होतं. त्यानं चष्मा वर सरकवला. काका हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "पुसून घ्या ना, माय." मायनं पदरानं दोन्ही हात पुसले, पुन्हा पुसले, पण हात वर आला नाही. ती माझ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याकडे सरळ बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

तेवढ्यात आजी उठली. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, नेहमीसारखी. ती आली आणि तिनं आपला हात दाणकन माझ्या डोक्यावर ठेवला.

"म्या ठेवते," ती अर्जनविसाला म्हणाली. "माह्या लेकाची लेक हाये. माह्या घरची हाये. लिहा अजून काय लिहाचं हाये ते."

अकरा वर्षं जिनं मला आपली म्हटलं नव्हतं, ती हे बोलत होती. आई रडायला लागली. अर्जनवीस म्हणाला, दादी बोलली म्हणजे झालं, आणि कागद घेऊन आत गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी सोडला नाही. आजीचा हात जड होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: हिला माझं काही होईल याची भीती वाटली नाही, मायला वाटली.

त्या कागदावर पुढे मंजुरी मिळाली आणि आम्ही तिघी विलायतेला गेलो, ते सगळं नंतरचं. त्याच दिवशी संध्याकाळी मायला दुर्ग स्टेशनवरून परत पाठवायचं होतं. काका आणि आजी चहाच्या टपरीकडे गेले होते. माय गाडीत खिडकीशी बसली होती. आई आणि मी फलाटावर.

मला राहवलं नाही. "माय, हात कावून काढला?"

"शाई होती ना, बाई."

"ते डाव्या अंगठ्याले होती."

मग खिडकीतून हात बाहेर काढून तिनं माझी हनुवटी धरली, सोडली आणि आईला म्हणाली, "लय पाह्यते वं पोट्टी. जपजो इले." गाडी हलली. ती मागे वळून बघेल म्हणून मी चार पावलं गाडीसोबत चालले. तिनं तोंड आत वळवून घेतलं होतं.

आई जागची हलली नव्हती. मी तिच्याजवळ गेले. आता मला जे विचारायचं होतं त्याची मलाच भीती वाटत होती, पण विचारल्याशिवाय मी राहणारी नव्हते.

"आई, तू पाह्यलं ना? तिचा हात."

"पाह्यलं."

"मंग?"

गाडीचा शेवटचा डबा फलाटाबाहेर जाईपर्यंत आई तिकडेच बघत होती. मग म्हणाली, "मंग काय? तिनं देली, म्या घेतली. आता ते सोता मांगाले आली तरी देत नाई."

तिनं माझा हात धरला. इतका घट्ट की बोटं दुखायला लागली, आणि टपरीपाशी पोचेपर्यंत मी तिला सोड म्हटलं नाही.